पदवीनंतरची पन्नास वर्षे

नागपूरहून उत्तरेकडे निघालेला जबलपूरचा रस्ता सातपुड्याचे पठार ओलांडून बरगी या गावापाशी येतो, तेव्हा नर्मदेचे खोरे जवळ आल्याची खूण पटते. गाव मोठे नाही. गढा-मंडल्याच्या गोंड राजांच्या बावन्न गढांची जी यादी परंपरेने चालत आली आहे, तीत बरगीचे नाव आढळते. १९०५ च्या सुमारास सातपुड्यातली छोटी आगगाडी येथून जबलपूरकडे धावू लागली, आणि १९९० साली पुऱ्या झालेल्या नर्मदेवरील धरणाने तर हे नाव देशभर नेले. मराठी माणसालाही हा मुलूख परका नव्हे. १७८१ साली तो सागरच्या मराठ्यांकडे आला, पुढे नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेला आणि १८१८ साली इंग्रजांच्या हाती पडला.

गोंडांच्या आधी या प्रदेशाला डाहल मंडल म्हणत आणि तेथे कलचुरी राजे राज्य करीत. त्यांची राजधानी त्रिपुरी, म्हणजे जबलपूरजवळचे आजचे तेवर हे खेडे. १९३९ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे त्रिपुरी हे नाव घरोघरी पोहोचले. पण त्या नावामागे जे राजकुल होते, त्याचा कालक्रम, त्याचा विस्तार, त्याचे कवी आणि त्याची दानपत्रे यांची सुसंगत मांडणी एका ग्रंथात मिळावयास १९५५ साल उजाडावे लागले. तो ग्रंथ सिद्ध करणारा पंडित मुंबई विद्यापीठाचा पदवीधर होता. कोकणातल्या एका खेड्यात तो जन्मला होता, आणि ग्रंथ हाती आला तेव्हा त्याच्या नोकरीची वर्षे संपून गेली होती. त्याचे नाव महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी.

विद्यापीठाचा पदवीधर म्हातारा झाल्यावर काय करतो, हा प्रश्न आज फारसा कोणाला पडत नाही. माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरतात, कोणाला कोणता मान मिळाला, कोणाची नातवंडे कोठे आहेत याची विचारपूस होते आणि मंडळी आपापल्या घरी जातात. परंतु मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या तीस-पस्तीस वर्षांत हा प्रश्न विचारण्याची सोयच नव्हती. कारण पदवीधर म्हातारे होतच नसत, निदान लोकांची समजूत तशी झाली होती, आणि त्या समजुतीला दाखल्यांचा तुटवडा नव्हता. निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ साली गेले, तेव्हा त्यांना बत्तिसावे वर्ष चालू होते. फर्ग्युसन महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य आणि संस्कृत कोशकार वामन शिवराम आपटे १८९२ साली चौतिसाव्या वर्षी निवर्तले. त्यांच्या जागी आलेले गोपाळ गणेश आगरकर १८९५ साली गेले; त्यांनी चाळिशीही पाहिली नाही. मुंबई विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरू काशिनाथ त्र्यंबक तेलंग त्या पदावर असतानाच १८९३ साली वारले. त्यांचे वय होते त्रेचाळीस.

तेलंगांच्या रिकाम्या जागेवर डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आले. या नव्या कुलगुरूंनी पदवीदान समारंभाच्या भाषणात पदवीधरांच्या अकाली मृत्यूंचा विषय काढला, यात नवल ते कोणते! न्यायमूर्ती रानडे यांनीही त्या विषयाचा आकडेवारीनिशी परामर्श घेतला. दोष परीक्षांचा, की बालविवाहाचा, की व्यायामाच्या अभावाचा, याबद्दल वाद झडले. रानडे आणि भांडारकर हे दोघेही १८६२ सालच्या त्या पहिल्या चार पदवीधरांपैकी होते. त्यांतले रानडे एकोणसाठाव्या वर्षी, १९०१ साली गेले. भांडारकर मात्र १९२५ पर्यंत जगले आणि उतारवयातला पदवीधर कसा असावा याचा पहिला नमुना त्यांनी घालून दिला. १८९३ साली अध्यापनातून निवृत्त झाल्यावर त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. वैष्णव आणि शैव संप्रदायांच्या इतिहासावरचा त्यांचा सुप्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ १९१३ साली जर्मन प्रकाशकाने स्ट्रासबुर्ग येथे काढला, तेव्हा ते पंचाहत्तरी ओलांडून पुढे गेले होते. ६ जुलै १९१७ रोजी, ऐंशी वर्षे पुरी झाली त्या दिवशी, पुण्यात त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली आणि आपला ग्रंथसंग्रह त्यांनी तिच्या स्वाधीन केला.

मिराशी या परंपरेतले. त्यांचा जन्म १३ मार्च १८९३ चा, तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील देवगड तालुक्यात कुवळे या गावी. शिक्षण कोल्हापुरास आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झाले. १९१९ साली ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून आले आणि वऱ्हाड-नागपूरचेच होऊन राहिले. कोरीव लेखांच्या अभ्यासाला त्यांनी हात घातला तो तरुणपणाच्या पहिल्या उमेदीत नव्हे. आधी कालिदास, अलंकारशास्त्र आणि वर्गातले अध्यापन. ताम्रपट आणि शिलालेख मागाहून आले. मध्य प्रांतात त्या वेळी या विषयाचे जाणते होते रायबहादूर हिरालाल. कटनीजवळच्या मुडवाऱ्यात जन्मलेले आणि जबलपूरच्या कॉलेजात शिकलेले हे गृहस्थ सरकारी चाकरीत चढत चढत डेप्युटी कमिशनर झाले होते. प्रांतातल्या कोरीव लेखांची त्यांची सूची १९१६ साली निघाली. सेवेतून मोकळे झाल्यावर त्यांनी ती वाढवून १९३२ साली पुन्हा छापली आणि दोनच वर्षांनी त्यांचे देहावसान झाले. म्हणजे त्रिपुरीच्या लेखांची पहिली मोजदाद पुरी करणाराही एक पेन्शनरच होता. त्यापुढचे काम मिराशींनी उचलले.

हे काम दिसावयास सोपे आणि करावयास जिकिरीचे. दगडावरची धूळ आणि शेवाळ धुऊन काढायचे, त्यावर ओला कागद बसवून कुंचल्याने ठोकायचा, म्हणजे तो अक्षरांच्या खाचांत शिरतो. मग वरून शाईचा बोळा फिरवला की कागद काळा होतो आणि अक्षरे पांढरी उठतात. हा झाला ठसा. खरा व्याप त्यानंतरचा. अक्षर झिजलेले असते, दगडाचा कोपरा उडालेला असतो, कोरणाऱ्याने चूक केलेली असते, आणि आधीच्या विद्वानाने एकदा चुकीचे वाचलेले नाव चार ग्रंथांतून रूढ झालेले असते. ते नाव खोडायचे तर पुरावा लागतो आणि मनाचा निर्भीडपणाही लागतो. कलचुरींच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. हे राजे शक किंवा विक्रम संवत न वापरता आपल्या लेखांत एका निराळ्याच संवताची वर्षे घालीत. त्या संवताचा आरंभ निश्चित झाल्याखेरीज एकाही राजाचा काळ ठरत नव्हता.

भेडाघाटचा लेख यासाठी चांगला दाखला ठरेल. कलचुरी राजा गयाकर्ण याची राणी अल्हणदेवी मेवाडच्या गुहिल कुळातली. पतीच्या पश्चात, पुत्र नरसिंह याच्या राज्यकाळी, तिने नर्मदेच्या काठी शिवमंदिर बांधले. त्याला जोडून मठ, उद्याने आणि एक व्याख्यानशालाही उभारली. बाराव्या शतकातली राणी देवळाबरोबर व्याख्यानशाला बांधते ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखी आहे. लेखावरची मिती अशी: संवत् ९०७, मार्गशीर्ष शुद्ध एकादशी, रविवार. आता तिथी आणि वार यांचा मेळ कोणत्या इसवी सनात बसतो ते गणित मांडून पाहायचे. ९०७ मध्ये २४८ मिळवले की ११५५ येतात, आणि त्या वर्षी ६ नोव्हेंबरला ही तिथी येते. वारही रविवारच पडतो. एका लेखाने काही सिद्ध होत नाही. परंतु असे अनेक लेख एकाच आरंभावर जुळू लागले म्हणजे संशयाला जागा उरत नाही. या गणिताचा पाया जर्मन पंडित कीलहॉर्न यांनी घातला. मिराशींनी जुन्या-नव्या सर्व लेखांवरून ते पुन्हा तपासले, आरंभीच्या काळातल्या लेखांना एका वर्षाचा फरक करावा लागतो असे दाखवले, आणि या संवताचा प्रवर्तक आभीर राजा ईश्वरसेन असावा असे प्रतिपादन केले. हा ईश्वरसेन आपल्याला नाशिकच्या लेण्यांतील लेखावरून ठाऊक आहे. जबलपूरच्या राजांचा संवत असा गोदावरीकाठी जाऊन पोहोचतो.

भेडाघाटचा तो मूळ दगड मात्र आज भेडाघाटला नाही. फिट्झएडवर्ड हॉल या अमेरिकन संस्कृतज्ञाने तो एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत नेला आणि न्यू हेवन येथील प्राच्यविद्या सभेला दिला. कर्णराजाच्या करणबेल या नगरीचे काय झाले तेही ऐकण्यासारखे आहे. तेथले घडीव दगड रेल्वेच्या कामावरच्या ठेकेदारांनी उचलून नेल्याचे जुन्या अहवालांत नमूद आहे. मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारा लोहमार्ग १८७० साली जबलपुरात सांधला गेला, त्या थोर कार्यात एका राजधानीचे चिरे असे खर्ची पडले. नदीवर धरण होते तेव्हाही काठची वस्ती जाते; बरगीच्या जलाशयाने एकशे बासष्ट गावांना पाण्याची झळ लावली. अशा भूमीत कागदावरचा ठसा आणि त्याचे छापील वाचन हाच पुष्कळदा शेवटचा साक्षीदार उरतो. म्हणून म्हाताऱ्या पंडिताची घाई ही केवळ कीर्तीची घाई नव्हती.

कलचुरी-चेदी संवताच्या कोरीव लेखांचा हा ग्रंथ भारतीय कोरीव लेखांच्या सरकारी मालेत चौथा खंड म्हणून दोन भागांत निघाला. मिराशींचे वय बासष्ट. त्यात केवळ त्रिपुरीच नव्हती. सहाव्या-सातव्या शतकांतले आरंभीचे कलचुरी राजे, कृष्णराज, शंकरगण आणि बुद्धराज, हे महाराष्ट्रावरही सत्ता चालवीत होते. शंकरगणाचा ताम्रपट नाशिक जिल्ह्यात अभोणे येथे मिळाला, बुद्धराजाचा त्याच जिल्ह्यात वडनेर येथे. घारापुरीच्या भव्य लेण्याचा संबंध याच घराण्याशी जोडणाऱ्या संशोधकांत मिराशी अग्रभागी होते. त्यावर आजही सर्वांचे एकमत नाही, पण त्यांचे म्हणणे बाजूला सारून कोणाला पुढे जाता येत नाही. उलट दिशेचाही एक धागा आहे. कनोजच्या दरबारी गाजलेला नाटककार राजशेखर हा मूळचा महाराष्ट्रातल्या यायावर कुळातला. तो त्रिपुरीच्या युवराजदेवाच्या आश्रयास होता, आणि त्याचे ‘विद्धशालभञ्जिका’ हे नाटक तेथल्याच राजसभेसाठी लिहिलेले. दहाव्या शतकात एक महाराष्ट्रीय त्रिपुरीची शोभा वाढवतो आणि विसाव्या शतकात दुसरा त्या त्रिपुरीचा इतिहास लिहितो. या योगायोगाला फार महत्त्व देण्याचे कारण नाही, तरी तो मनाला सुखावून जातो.

या सुमारास त्रिपुरीकडे दुसऱ्याही एका मराठी अभ्यासकाचे लक्ष वेधले होते. सागर विद्यापीठातर्फे मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९५२ साली तेवर येथे उत्खनन केले आणि त्याचा अहवालही १९५५ सालीच प्रसिद्ध झाला. कुदळीने निघालेले आणि लेखांतून निघालेले असे दोन पुरावे एकाच वर्षी वाचकांपुढे आले. १९५६ साली जबलपूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले.

बासष्टीचा माणूस येथे थांबला असता तरी कोणी बोल लावला नसता. मिराशी अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषवून निवृत्त झाले होते; महामहोपाध्याय ही पदवी १९४१ सालीच मिळालेली होती. परंतु त्यांच्या ग्रंथांच्या सनावळीकडे पाहिले तर निवृत्तीनंतरची रांगच लांब दिसते. वाकाटकांच्या कोरीव लेखांचा खंड १९६३ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी. भवभूतीवरचा ग्रंथ १९७४ साली. शिलाहारांच्या लेखांचा खंड १९७७ साली, चौऱ्याऐंशीव्या वर्षी. मधल्या काळात ‘संशोधन-मुक्तावलि’ या नावाने मराठी लेखांचे संग्रह निघत होते आणि मुक्तावलीला शोभेल असे प्रत्येक भागाला ते ‘सर’ म्हणत. आणि एक गोष्ट विशेष सांगितली पाहिजे. वाकाटक, कलचुरी, शिलाहार या राजवंशांचा इतिहास त्यांनी इंग्रजीपाठोपाठ मराठीतही लिहिला. विद्वत्सभेत मान मिळवायला इंग्रजी ग्रंथ पुरेसा होता. मराठी ग्रंथ लिहून ना वेतन वाढणार होते ना कीर्ती. तो कऱ्हाडच्या, अकोल्याच्या, जबलपूरच्या मराठी वाचकासाठी लिहिलेला होता. संशोधकाने आपल्या भाषेचे देणे असे फेडल्याची उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

म्हातारपणी मते ताठर होतात असे म्हणतात. मिराशी वादात मागे हटणारे नव्हते हे खरे. रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेकच, हे त्यांनी हयातभर आग्रहाने मांडले. त्यांच्या काही निष्कर्षांना नव्या पुराव्यांनी धक्का लागला आहे आणि पुढेही लागेल. पण ठसा, पाठ, भाषांतर आणि टीप हे चारही त्यांनी वाचकांपुढे ठेवले असल्यामुळे त्यांना खोडून काढणाऱ्यालाही त्यांच्याच ग्रंथावर उभे राहावे लागते.

त्यांच्याच पिढीच्या थोडे आधीचे भारतरत्न पांडुरंग वामन काणे. त्यांची कथा सर्वश्रुत आहे म्हणून थोडक्यात सांगावयाची. ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाची आवृत्ती सिद्ध करताना त्याला धर्मशास्त्राच्या इतिहासाची प्रस्तावना जोडावी असे त्यांच्या मनात आले. प्रस्तावना वाढली. पहिला खंड १९३० साली, वयाच्या पन्नासाव्या वर्षी निघाला. शेवटचा १९६२ साली, ब्याऐंशीव्या वर्षी. साडेसहा हजारांवर पृष्ठे झाली. मध्यंतरी वकिली होती, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद होते आणि पोटाचे जुनाट दुखणे सतत सोबतीला होते. तरुणाने हे काम अंगावर घेतले असते तर कदाचित त्याने ते वेळीच आटोपते घेतले असते.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे वार्धक्य ग्रंथांत गेले नाही, ते पायपिटीत गेले. आपटे आणि कर्वे एकाच, १८५८ सालचे. आपटे चौतीस वर्षे जगले, कर्वे एकशे चार. १८८४ चे हे गणिताचे पदवीधर अठ्ठावन्नाव्या वर्षी महिला विद्यापीठ काढतात, एकाहत्तराव्या वर्षी त्याच्यासाठी जगप्रवासाला निघतात आणि बर्लिनमध्ये आइन्स्टाइनची भेट घेतात. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ साली, खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी मंडळ स्थापून दारोदार वर्गणी मागतात, आणि तिचा प्रारंभ स्वतःच्या तुटपुंज्या पेन्शनीतून करतात. १९५७ साली मुंबई विद्यापीठाने त्यांना सन्माननीय एलएल. डी. दिली. त्यांच्या बी. ए. ला तेव्हा त्र्याहत्तर वर्षे झाली होती!

या नामावळीत पुरुषांचीच दाटी दिसते, आणि त्याचे कारण उघड आहे. ज्या घरांत पुरुषाला साठीनंतर चार तास निवांत लेखन करता येत होते, त्या घरांतल्या स्त्रीला साठीनंतरही चुलीपासून सुटका नव्हती. ग्रंथांच्या प्रस्तावनांत ठसे काढून देणाऱ्यांचे, मुद्रिते तपासणाऱ्यांचे आभार असतात. वेळेवर औषध आणि जेवण देणारीचा उल्लेख क्वचित. मुंबई विद्यापीठाच्या ज्या पदवीधर स्त्रिया या चौकटीबाहेर पडल्या त्यांत दुर्गाबाई भागवत प्रमुख. मध्य प्रदेशातल्या आदिवासींच्या अभ्यासासाठी त्या तरुणपणी रानावनांत हिंडल्या, तेथेच विषबाधा होऊन कित्येक वर्षे अंथरुणाला खिळून राहिल्या, आणि त्या अंथरुणावरही विद्या सोडली नाही. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी आणीबाणीचा निषेध केला तेव्हा त्या पासष्ट वर्षांच्या होत्या. पुढच्या वर्षी त्यांनी तुरुंग पाहिला. सरकारी सन्मान त्यांनी घेतले नाहीत. बौद्ध वाङ्मय, लोकसाहित्य, पाककला, ललित निबंध असा त्यांचा संसार २००२ साली, ब्याण्णवाव्या वर्षापर्यंत चालू होता.

मिराशींना १९७५ साली पद्मभूषण मिळाले. त्यानंतरही त्यांच्या टेबलावर एक जुने काम शिल्लक होते. १९३९ साली वऱ्हाडात तऱ्हाळे येथे सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला होता. त्या हजार-दीड हजार नाण्यांवरची अर्धवट अक्षरे लावून, पुराणांच्या याद्यांत नसलेली राजांची नावे त्यांनी तेव्हा उजेडात आणली होती. ती नाणी, नाशिक-कार्ल्याची लेणी, नाणेघाटातला लेख आणि क्षत्रपांचे शिलालेख असे सारे एकत्र करून सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांचा इतिहास त्यांनी आधी मराठीत आणि मग इंग्रजीत लिहिला. इंग्रजी ग्रंथ १९८१ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. मिराशी तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. ३ एप्रिल १९८५ रोजी ते निवर्तले.